पोहण्याचा तलाव ठेवायचा की बुजवायचा? एका घराचं प्रकरण

घरामागे दहा वर्षांपूर्वी बांधलेला पोहण्याचा तलाव आहे. आतलं प्लास्टर खरबरीत झालंय, पायाला टोचतं. पाण्याची पातळी हल्ली जरा जास्तच उतरते. पंप घरघर करतो. ठेकेदार बघून गेला आणि म्हणाला, आतलं सगळं काम नव्याने करावं लागेल, पंपही बदलायला आलाय. घरातल्या कर्त्या पुरुषाचं मत पडलं की आता बुजवून टाकू, त्यापेक्षा बाग करू. त्याच्या आईचं मत अगदी उलट. बायको दोघांचं ऐकून म्हणाली, "ठेवायचा असेल तर ठेवा, पण आधी तो कोण सांभाळणार ते ठरवा."

या तिसऱ्या वाक्यातच प्रकरणाचा गाभा आहे असं मला वाटतं. म्हणून घरचा तलाव परवडतो का, हा नेहमीचा प्रश्न इथे थोडा वेगळ्या बाजूने धरला आहे. हे कुटुंब नमुन्यादाखल उभं केलेलं आहे. पाण्याचे, विजेचे आणि रसायनांचे आकडे मात्र तलावाच्या मापांवरून काढलेले आहेत. ज्याच्या घरी तलाव असेल त्याला आपली मापं घालून तेच गणित करता येईल. पैशाचा एकही आकडा मुद्दाम घेतलेला नाही. दर जागेगणिक आणि वर्षागणिक बदलतात. लिटर, युनिट आणि तास यांना आपापल्या गावचा दर लावून घेता येतो.

घर आणि तलाव

तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद. एका टोकाला खोली १.१ मीटर, दुसऱ्या टोकाला १.७, म्हणजे सरासरी १.४. पाणी साधारण ४५ घनमीटर, अर्थात ४५,००० लिटर. पृष्ठभाग ३२ चौरस मीटर. वाळूचा फिल्टर, एकाच वेगाचा १.१ किलोवॉटचा पंप, एक स्किमर, म्हणजे वरचं पाणी आणि पाला ओढून घेणारं तोंड, आणि तळाला पाणी ओढणारी एक जाळी. पाणी गरम करण्याची सोय नाही. तीन बाजूंनी कुंपण, चौथ्या बाजूला घराची मागची भिंत आणि तिच्यात थेट तलावाकडे उघडणारं दार.

माणसं पाच. नवरा-बायको चाळिशीतले. थोरली मुलगी चौदा वर्षांची, शर्यतीत पोहणारी. धाकटा मुलगा तीन वर्षांचा. आजी अडुसष्ट वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखणाऱ्या. सार्वजनिक तलाव गाडीने वीस मिनिटांवर आहे.

तलाव बांधला तेव्हा थोरली चार वर्षांची होती आणि धाकट्याचा जन्मही झालेला नव्हता. बांधकामाचा खर्च मोठा झाला होता, आणि चर्चा सुरू झाली की दर वेळी तोच आकडा मध्ये येतो: "एवढा पैसा घातला, आता बुजवायचा?" तो आकडा या हिशेबातून पूर्ण बाहेर ठेवायला हवा. तलाव ठेवला तरी ते पैसे परत येत नाहीत, बुजवला तरी येत नाहीत. आज ठरवायचं आहे ते इतकंच की पुढच्या दहा वर्षांत हे पाणी जितकं मागेल तितकं ते परत देईल का.

पाणी कुठे जातं

पहिलं काम म्हणजे गळती खरी आहे की नुसती शंका, हे तपासणं. त्यासाठी बादलीची चाचणी पुरते. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीतलं पाणी आणि तलावातलं पाणी एकाच पातळीला आणायचं, दोन्हीकडे खूण करायची आणि चोवीस तासांनी बघायचं. ऊन-वारा दोन्हीला सारखा लागतो. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढी वाफ. तलावातलं त्याहून जास्त उतरलं असेल तर तो फरक म्हणजे गळती. पंप चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा ही चाचणी केली तर आणखी एक गोष्ट कळते. पंप चालू असतानाच जास्त पाणी जात असेल तर दोष बहुधा परतीच्या, म्हणजे गाळलेलं पाणी तलावात आणणाऱ्या, नळांत असतो.

इथे बादली ६ मिलिमीटर उतरली, तलाव ११. पंप बंद असतानाही तेवढाच. म्हणजे दिवसाला ५ मिलिमीटर गळती, तीही तलावाच्या अंगातूनच. ऐकायला काहीच नाही. पण ३२ चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे ३२ लिटर. पाच मिलिमीटर म्हणजे रोज १६० लिटर, वर्षाला ५८,००० लिटरच्या वर. दर वर्षी अख्खा तलाव जमिनीत मुरतो आणि वर आणखी थोडं. हे पाणी नुसतं वाया जात नाही. भिंतीमागची माती ते भिजवत राहतं, आणि त्याच्यासोबत पाण्यातली रसायनंही जातात.

वाफेचा हिशेब वेगळा. वर्षभराची सरासरी दिवसाला ४ मिलिमीटर धरली तरी वर्षाला जवळपास ४७,००० लिटर होतात. पाऊस त्यातलं काही परत देतो. फिल्टर उलटा धुण्याचा, म्हणजे बॅकवॉशचा, खर्च बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. यांचा पंप ताशी १६ घनमीटर पाणी ढकलतो. आठवड्याला तीन मिनिटं बॅकवॉश केलं तर एका वेळी ८०० लिटर, वर्षाला ४१,००० हून जास्त. घड्याळ लावून दर आठवड्याला बॅकवॉश करायची सवय यांना होती, ती चुकीची. फिल्टरवरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा चौथा हिस्सा चढला की मगच धुवायचा. थोडी धूळ अडकलेला वाळूचा फिल्टर उलट अधिक बारीक गाळतो.

आता वीज. १.१ किलोवॉटचा पंप रोज आठ तास, म्हणजे ८.८ युनिट, वर्षाला ३,२०० युनिट. हा पंप तीन तासांत सगळं पाणी एकदा फिरवतो, मग आठ तास कशाला? बसवणाऱ्याने सांगितलं होतं म्हणून. वेग बदलता येणाऱ्या पंपाचा फायदा इथे फार मोठा आहे. पंपाचा वेग निम्मा केला की पाणी निम्मं वाहतं, पण वीज एक अष्टमांशावर येते. तेवढंच पाणी फिरवायला दुप्पट वेळ धरला तरी एकूण वीज चौथाई. प्रत्यक्षात बचत याहून थोडी कमी होते, कारण मोटरची कार्यक्षमता कमी वेगाला घसरते. तरीही पंप बदलायला आलेलाच असेल तर पुन्हा एका वेगाचा घेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

हिरवं पाणी

गेल्या दोन उन्हाळ्यांत पाणी पुन्हा पुन्हा हिरवं होत होतं. नवऱ्याच्या मनातून तलाव उतरला तो इथे. प्रत्येक वेळी तो फ्लोटरमध्ये, म्हणजे तरंगत्या डबीत, क्लोरीनच्या गोळ्या वाढवायचा, टेस्ट किटवर क्लोरीन २ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) दिसायचं, पुस्तकी मर्यादेत अगदी बरोबर, आणि चार दिवसांत पायऱ्यांवर शेवाळ धरायचं. त्याने कष्ट कमी केले नव्हते. गोळ्या पाण्यात क्लोरीनसोबत आणखी काय सोडतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

नेहमीच्या गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात. त्यात क्लोरीन सायन्युरिक ॲसिडला बांधलेलं असतं. या ॲसिडला स्टॅबिलायझर म्हणतात, कारण ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. ते नसेल तर कडक उन्हात तासाभराच्या आत निम्मं क्लोरीन उडून जातं. म्हणजे थोडं हवंच, ३० ते ५० पीपीएम. अडचण अशी की गोळीतून दर १० पीपीएम क्लोरीन गेलं की ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड मागे राहतं. क्लोरीन खर्च होतं, हे खर्च होत नाही, वाफेबरोबर उडतही नाही. उन्हाळ्यात दिवसाला २ पीपीएम क्लोरीन लागत असेल तर तीन महिन्यांच्या आत सायन्युरिक ॲसिड शंभरने चढतं. आणि ते जितकं जास्त, तितकं जास्त क्लोरीन त्याला बांधलेलं राहतं, जंतू किंवा शेवाळ मारायला मोकळं नसतं. ढोबळ नियम असा की टेस्ट किटवर दिसणारं क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या साडेसात टक्के तरी असावं. ४० पीपीएमला ३ पुरतं. इथे मोजलं तेव्हा ते १५० निघालं. त्याला ११ पीपीएम क्लोरीन लागलं असतं. टेस्ट किट खोटं बोलत नव्हतं, पण २ पीपीएमचा जो अर्थ डब्यावर छापला होता तो या पाण्याला लागू नव्हता.

यावर औषध एकच, पाणी बदलणं. १५० वरून ५० वर यायचं तर दोन तृतीयांश पाणी काढावं लागतं, ३०,००० लिटर. गळतीमुळे दर वर्षी एवढं नवं पाणी येत असूनही आकडा १५० वर पोचला होता, यावरून गोळ्यांचा मारा किती होता ते कळतं. आता प्लास्टरसाठी तलाव रिकामा करायचाच आहे, म्हणून ते सहज साधेल. पुढे गोळ्या फक्त घर बंद करून बाहेर जाताना, एरवी द्रवरूप क्लोरीन.

पीएचचं, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणाऱ्या आकड्याचंही तसंच. पीएच ७.२ ला पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनचा दोन तृतीयांशहून जास्त भाग जोरदार रूपात असतो. ८ ला तो चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून क्लोरीन वाढवण्याआधी पीएच बघायचा. डोळे चुरचुरणं आणि तो 'क्लोरीनचा वास' हेही बहुतेकदा क्लोरीन जास्त झाल्याने होत नाही. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी जोडलं गेलेलं क्लोरीन तो वास देतं, आणि अशा वेळी क्लोरीन वाढवावं लागतं. पोहण्याआधी प्रत्येकाने अंगावर पाणी घेऊन यायचं, हा घरगुती नियम कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त काम करतो.

मिठाच्या यंत्राबद्दल ठेकेदाराने आग्रह धरला होता. त्यात गोळ्यांचा त्रास नाही हे खरं, पण तो क्लोरीनचाच तलाव असतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन तिथल्या तिथे तयार होतं, आणि यंत्राचा सेल काही वर्षांनी बदलावा लागतो. इथे तो घेतला नाही. आधी हाताने मोजण्याची सवय लागू दे, यंत्र नंतरही बसवता येतं.

एक गोष्ट पंपाच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी अशी आहे. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एकाच डब्यात, एकाच फ्लोटरमध्ये किंवा एकाच चमच्याने कधीही नाही. त्यांच्या मिश्रणाने आग लागते, स्फोट होतो. आणि ॲसिड कोणत्याही क्लोरीनजवळ ठेवायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. या घरात तिन्ही गोष्टी एकाच फळीवर होत्या.

कोण पोहतं, कोण राबतं

एक वर्षभर कॅलेंडरवर खुणा केल्या गेल्या: पाण्यात कोण उतरलं, आणि तलावाचं काम कोणी केलं. मला विचाराल तर कुठलाही ठेकेदार बोलावण्याआधी एवढं एक करावं.

कामाच्या खुणा जवळजवळ सगळ्या नवऱ्याच्या. रोज दहा मिनिटं: पालापाचोळा काढणं, स्किमरची टोपली रिकामी करणं, पाणी तपासणं. आठवड्याला दीड तास: भिंती घासणं, व्हॅक्यूम, फिल्टर, रसायनं. बेरीज आठवड्याला अडीच तासांच्या थोडी वर, वर्षाला सुमारे १४० तास. तो स्वतः मात्र महिन्यातून एखाद-दोनदा पाण्यात उतरला होता. पोहणारी माणसं एक आणि राबणारा माणूस वेगळा, असं झालं की घरात तलावाबद्दल कडवटपणा साठत जातो. बुजवायचा विचार गळतीतून आलेलाच नव्हता.

पोहण्याच्या खुणा पाहून सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं. थोरलीच्या सगळ्यात कमी. तलाव तिच्यासाठी बांधला असं घरात म्हटलं जायचं, पण शर्यतीची तयारी ८ मीटरवर होत नाही. भिंतीला पाय मारून पाण्याखालून निघालं की निम्म्याहून जास्त तलाव संपतो, दोन-तीन हात मारले की पुन्हा भिंत. तिला २५ मीटर लागतात, घड्याळ लागतं, शेजारच्या लेनमध्ये कोणीतरी लागतं. ती सार्वजनिक तलावावर जातेच आणि जात राहणार. घरचा तलाव पोहायला शिकवतो, पोहणारा घडवायला तो अपुरा पडतो.

सगळ्यात जास्त खुणा आजींच्या. पाणी सोसवेल अशा आठ महिन्यांत आठवड्यातून चार-पाच दिवस. त्या पोहत नाहीत, चालतात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचं सुमारे निम्मं वजन पाणी उचलतं. छातीएवढ्या पाण्यात पायांवर साधारण तिसरा हिस्साच उरतो. जमिनीवर शंभर पावलांनी दुखणारे गुडघे पाण्यात अर्धा तास चालतात, शिवाय पाण्याचा विरोध स्नायूंना काम देतो. त्यांच्या मते या तलावात दोन खोड्या आहेत. तळ उताराचा असल्याने चालायला उथळ टोकाची अरुंद पट्टीच मिळते, आणि उतरायला उभी शिडी आहे, तिला धरून वर येताना गुडघ्यावर सगळा भार येतो.

इथे वेळेचा हिशेब मांडून पाहिला. सार्वजनिक तलावाची एक फेरी जाऊन-येऊन ४० मिनिटांची. १४० तासांच्या देखभालीत अशा २१० फेऱ्या बसतात. म्हणजे घरच्या तलावामुळे वर्षात दोनशेच्या वर फेऱ्या वाचत नसतील, तर 'घरच्या घरी, वेळ वाचतो' हे म्हणणं खरं नाही. आजींच्या एकट्याच्या फेऱ्या दीडशेच्या आसपास होतात. पण त्या गाडी चालवत नाहीत. प्रत्येक फेरीत आणखी कोणाचा तरी वेळ, नुसते जाण्यायेण्याचे ४० मिनिटं नव्हेत, तर त्या पाण्यात असेपर्यंत थांबण्याचाही. तो धरला की हिशेब घरच्या तलावाच्या बाजूने झुकतो. आणि खरं सांगायचं तर इतक्या खटपटीने त्या आठवड्यातून चारदा गेल्याच नसत्या. त्यांच्यासाठी सार्वजनिक तलाव हा पर्याय कागदावरच उरतो.

धाकटा आणि त्याच्या वयाची पोरं सुट्टीच्या दिवशी, पायऱ्यांवर बसून पाणी उडवतात. मोठं कोणीतरी हाताच्या अंतरावर बसलेलं असतं. निदान असायला हवं, आणि तिथेच पुढचा भाग येतो.

कुंपण

इतर सगळ्या बाबींत देणं-घेणं करता येतं, या एका बाबीत नाही. ही बाब पार पडली नाही तर बाकी हिशेब उघडायचाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, आणि त्यातली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. यातले बहुतेक मृत्यू नद्या, तळी, विहिरी अशा उघड्या पाण्यात होतात. पण घरी तलाव असला की तसंच उघडं पाणी मागच्या दाराशी येऊन बसतं. तीन वर्षांचं मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवत नाही. मिनिटाभरात ते शांतपणे खाली जातं. बहुतेक वेळा त्या क्षणी कोणी पोहतही नसतं. मूल घरात आहे असं सगळे धरून चाललेले असतात.

म्हणून इथली तीन बाजूंची व्यवस्था पुरेशी नाही. धोका शेजारून येणाऱ्या मुलाइतकाच आपल्या मागच्या दारातून बाहेर पडणाऱ्या मुलाला आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, वर्षानुवर्षं चारही बाजूंच्या, तलावाला घरापासून वेगळं करणाऱ्या कुंपणाचा आग्रह धरलाय. आवाराभोवतीच्या तीन बाजूंच्या कुंपणाच्या तुलनेत अशा कुंपणाने लहान मुलांच्या बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी कमी असल्याचा अभ्यास आहे. उंची किमान १.२ मीटर, पाय ठेवायला आडव्या पट्ट्या नकोत, दांड्यांमधली फट १० सेंटिमीटरहून कमी, फाटक आपोआप मिटणारं, बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि कडी मुलाच्या हाताच्या वर. कुंपणाजवळ खुर्ची किंवा कुंडी ठेवायची नाही, मुलं त्यावर चढतात. फ्रान्सने २००३ च्या कायद्याने खाजगी तलावांना कुंपण, गजर, आच्छादन किंवा छत यांपैकी एक सोय सक्तीची केली. गजर वाजतो तो मूल पाण्यात पडल्यावर. कुंपण त्याला पडूच देत नाही. निवड करायची असेल तर मी नेहमी कुंपण निवडीन.

तळाच्या जाळीचंही बघायला हवं. २००२ साली अमेरिकेत सात वर्षांची व्हर्जिनिया ग्रॅम बेकर गरम पाण्याच्या स्पामध्ये तळाच्या निचऱ्याच्या ओढीला चिकटून बुडाली. तिच्या नावाने २००७ मध्ये तिथे कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना ओढ न धरणाऱ्या जाळ्या बंधनकारक झाल्या. या घरातली जाळी सपाट, जुनी, एक स्क्रू गेलेली. एकच जाळी आणि एकच पंप, म्हणजे सगळी ओढ एका जागी येऊ शकते. आजी पाण्यात असतानाही कोणीतरी काठावर असलं पाहिजे, हा नियम त्यांना आवडला नाही, पण तोही ठरला.

वाटा तीन

बुजवणं दिसतं तितकं सोपं नाही. तळाला भोकं पाडून निचरा करावा लागतो, वरची कड फोडावी लागते, भराव थराथराने दाबत आणावा लागतो. नुसती माती लोटली तर काही वर्षांत ती खचते आणि खाली पाणी साचून दलदल होते. शिवाय तलाव रिकामा करणं हेच एक जोखमीचं काम. भरलेल्या तलावातल्या ४५ टन पाण्याने कवच जमिनीत दाबून धरलेलं असतं. भोवतालच्या जमिनीत पाणी वर आलेलं असताना तो रिकामा केला तर खालचं पाणी कवच वर उचलून तडकवू शकतं. इथे गळतीनेच भोवतालची माती भिजलेली आहे. दुरुस्ती असो की बुजवणं, भूजल खाली गेलेल्या दिवसांतच तलाव रिकामा करायचा, आणि खालच्या पाण्याचा दाब सोडणारा तळाचा व्हॉल्व्ह आधी तपासायचा.

काहीच न करणं ही दुसरी वाट, आणि ती सगळ्यात वाईट. दुर्लक्षित हिरव्या पाण्यात डास आठवडा-दीड आठवड्यात अंड्यापासून उडायला लागतात. तळ दिसत नाही अशा पाण्यात कोणी पडलं तर दिसतही नाही.

तिसरी वाट, आहे तसाच दुरुस्त करणं. ठेकेदाराचा अंदाज याचाच होता. पण कॅलेंडरच्या खुणा सांगत होत्या की दहा वर्षांपूर्वी ज्या वापरासाठी हा तलाव आखला, तो वापर होतच नाही. १.७ मीटरचं खोल टोक सूर मारण्यापुरतं होतं, आणि खरं तर सूर मारायला तेही उथळच. मग त्याच आकाराचं प्लास्टर पुन्हा का करायचं?

काय ठरलं

तलाव ठेवायचा, पण जो वापरतो त्याच्या मापाचा करून. तळ भरून घेऊन सगळीकडे १.२ मीटर सपाट खोली. आजींना पूर्ण आठ मीटर चालायला मिळतात, पाणी त्यांच्या छातीपर्यंत येतं. पाणी ४५ वरून ३८ घनमीटरवर येतं. तळाची जाळी कायमची बंद. ओढ दोन स्किमरमधून, परतीचे झोत खाली वळवून. शिडीच्या जागी रुंद पायऱ्या आणि दोन्ही हातांना कठडा. डोक्यावर सूर मारायला पूर्ण बंदी; इतक्या पाण्यात मान मोडते.

गरम पाण्याचा विषय निघाला, कारण सांधे दुखणाऱ्यांना २८ ते ३१ अंशांचं पाणी मानवतं. ३८ घनमीटर पाणी एक अंशाने तापवायला जवळपास ४५ युनिट उष्णता लागते. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारा हीट पंप ती साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या विजेत देतो. मुख्य प्रश्न ती टिकवण्याचा. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६८ युनिट उष्णता जाते. दिवसाला ५ मिलिमीटर वाफ म्हणजे १६० लिटर, म्हणजे शंभरावर युनिट उष्णता रोज हवेत. ऊन त्यातली बरीच भरून काढतं, रात्र काढत नाही. म्हणून आधी आच्छादन. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते आच्छादनाने तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी आणि वरून घालायचं पाणी ३० ते ५० टक्क्यांनी कमी होतं. एक वर्ष नुसत्या आच्छादनावर काढायचं आणि आजींचे आठ महिने किती लांबतात ते बघून हीट पंपाचं ठरवायचं. हे आच्छादन सुरक्षेसाठी नाही. तरंगतं आच्छादन मुलाचं वजन पेलत नाही, उलट त्याखाली गेलेलं मूल दिसत नाही. ते घातलेलं असलं तरी फाटक बंदच.

राबण्याची वाटणी लेखी झाली. रोजची दहा मिनिटं बायकोकडे आणि थोरलीकडे आलटून पालटून, आठवड्याचं काम नवऱ्याकडे, पण महिन्यातून एक आठवडा ते बाहेरच्या माणसाला द्यायचं. पाण्याची नोंदवही आजींकडे. क्लोरीन आणि पीएच रोज, सायन्युरिक ॲसिड महिन्याला. त्यांना आकडे लिहायला आवडतात, आणि जो रोज पाण्यात उतरतो त्याच्या हातात ती वही असणं योग्यही आहे.

बुजवण्याचा पर्याय रद्द केलेला नाही, त्याला अटी लावल्या आहेत. आजींचं पाण्यात उतरणं थांबलं आणि तोवर धाकटा नेमाने पोहणारा झाला नसेल, तर तलाव बुजवायचा. कामाची वाटणी एक वर्षभर मोडलेली दिसली आणि सगळं पुन्हा एकाच माणसावर आलं, तरीही बुजवायचा. घर विकायची वेळ आली तर तलावाने किंमत वाढेल हे गृहीत धरायचं नाही. घेणाऱ्याला तो हवा असेल तर चांगलंच, नको असेल तर त्याला तो काढायचा खर्च दिसणार.

कामाचा क्रम बायकोने ठरवला आणि त्यात बदल होणार नाही असं सांगितलं. पहिलं कुंपण, चारही बाजूंनी, फाटकासकट. मागच्या दाराला वरची कडी. रसायनांची फळी वेगवेगळ्या तीन जागी. जमिनीतलं पाणी उतरेपर्यंत तलाव भरलेलाच राहील. प्लास्टरच्या ठेकेदाराला तारीख त्यानंतरची दिली आहे.